पेशीच्या आत एवढे पडदे कशाला?

पेशीची आकृती शाळेत सगळ्यांनी काढलेली असते. मोठा गोल, मधे केंद्रक, बाजूला चपट्या थैल्यांची चळत, आत घड्या दाखवलेल्या दोन-तीन लांबट तंतुकणिका, मग प्रत्येकाला बाण काढून नाव आणि समोर एक ओळ काम. तंतुकणिका म्हणजे ऊर्जा, लयकारिका म्हणजे पचन, रायबोझोम म्हणजे प्रोटीन. पाच मार्क मिळतात आणि विषय संपतो. पण हे सगळं वेगवेगळं करून ठेवायची मुळात गरज काय, हा प्रश्न तसाच राहतो. बॅक्टेरियाकडे यातलं जवळजवळ काहीच नसतं, एकच पिशवी आणि आत सगळं मोकळं, तरी त्यांचं गेली ३५० कोटी वर्षं मजेत चाललंय.

माझ्या मते उत्तर एवढंच आहे की आपल्या पेशीत एकाच वेळी अशी कामं चालू असतात जी एकत्र चालूच शकत नाहीत. एकीकडे प्रोटीन जोडायचं काम, दुसरीकडे प्रोटीन तोडायचं. एका जागी अ‍ॅसिड लागतं, शेजारी अ‍ॅसिड आलं तर सगळं बिघडतं. कुठे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतंय, आणि ते बाहेर पसरलं तर डीएनएचं काही खरं नाही. मग उपाय एकच, मधे पडदा घाला. हा पडदा चरबीच्या रेणूंच्या दोन थरांचा असतो, जाडी साधारण ५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे २ लाख भाग केले तर त्यातला एक. एवढ्याशा पडद्यावर सगळा संसार उभा आहे. आणि पडदा घातला की लगेच पुढची भानगड सुरू होते, की आता आतलं सामान आत पोचवायचं कसं, कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात जायची हे कोण ठरवणार. पेशीच्या अवयवांची गोष्ट म्हणजे खरं तर या दोन गोष्टी, पडदे आणि पत्ते.

लायसोझोमपासून सुरू करू (शाळेतली लयकारिका ती हीच), कारण तो सापडलाच मुळी पडद्यामुळे. १९४९ च्या सुमारास बेल्जियममधल्या लुवाँला ख्रिस्तियान द दूव्ह इन्सुलिनच्या मागे लागला होता, म्हणजे इन्सुलिन लिव्हरवर नक्की काय करतं ते शोधत होता. त्यासाठी उंदराचं लिव्हर बारीक करून त्यातल्या एन्झाइमचं मोजमाप चालू होतं, आणि तुलनेसाठी म्हणून अ‍ॅसिड फॉस्फेटेज नावाचं एक वेगळंच एन्झाइमही ते मोजायचे. तर या एन्झाइमचा आकडा अपेक्षेच्या जेमतेम दहावा हिस्सा आला. नमुने फ्रिजमध्ये ठेवून दिले, पाच दिवसांनी परत मोजले, आणि आता आकडा एकदम वर! दुसरं कोणी असतं तर प्रयोग बिघडला म्हणून नमुने फेकून दिले असते. यांनी विचार केला की एन्झाइम सुरुवातीपासून तिथेच होतं, फक्त ते कशात तरी बंद होतं, आणि पाच दिवसात ती बारीक पिशवी फुटून ते बाहेर आलं. म्हणजे पिशवी कोणी बघितलेलीच नव्हती, नुसत्या आकड्यांवरून ती आहे हे कळलं. १९५५ मध्ये तिला लायसोझोम नाव मिळालं, आणि १९७४ चं नोबेल द दूव्हला आल्बेर क्लोद आणि जॉर्ज पलाडे यांच्याबरोबर मिळालं.

या पिशवीत साठेक प्रकारची एन्झाइम असतात, प्रोटीन, चरबी, साखर, डीएनए, जे येईल ते तोडणारी. आतला पीएच ४.५ ते ५, बाहेर पेशीद्रवात ७.२ च्या आसपास, म्हणजे आत शेकडो पट जास्त आम्ल. पडद्यावरचे पंप सतत प्रोटॉन आत ढकलत असतात म्हणून हे टिकतं. यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे ही एन्झाइम आम्लातच नीट चालतात, त्यामुळे एखादी पिशवी फुटून थोडं बाहेर सांडलं तरी ते बाहेर बऱ्यापैकी गप्प पडतात. एक पडदा आणि वरून दुसरी खबरदारी.

आणि नुसता बाहेरून आलेला कचराच इथे येतो असं नाही. पेशी स्वतःचेच जुने झालेले भाग, अख्खी मायटोकॉन्ड्रियासुद्धा (शाळेतली तंतुकणिका), नवीन पडद्यात गुंडाळते आणि ते गाठोडं लायसोझोमला नेऊन जोडते, म्हणजे तोडलेलं सामान परत वापरता येतं. याला ऑटोफॅजी म्हणतात. योशिनोरी ओसुमींनी हे यीस्टमध्ये उलगडलं आणि २०१६ चं नोबेल मिळवलं. हल्ली उपवासाच्या प्रत्येक व्हिडिओत हा शब्द येतो, पण उपाशी राहून माणसाच्या कुठल्या अवयवात ती किती वाढते हे मोजणं वाटतं तेवढं सोपं नाही, त्यामुळे १६ तास झाले की ऑटोफॅजी चालू, असं छातीठोक सांगणाऱ्यांपासून जरा लांबच राहा.

आता पत्त्याचा मुद्दा. लायसोझोमची एन्झाइम लायसोझोममध्ये बनत नाहीत. प्रोटीन बनवतात रायबोझोम, आणि त्यांना पडदा वगैरे काही नसतो, ते पेशीद्रवात मोकळे असतात. एखादं प्रोटीन बनायला लागतं, त्याचा पहिला तुकडा बाहेर येतो, आणि त्या तुकड्यातच लिहिलेलं असतं की मला ईआरला न्या. ईआर म्हणजे एंडोप्लाझमिक रेटिक्युलम, केंद्रकाला लागूनच पसरलेलं नळ्या आणि चपट्या थैल्यांचं जाळं, पेशीतल्या एकूण पडद्याचा निम्म्याहून जास्त भाग बरेचदा याचाच असतो. तो तुकडा दिसला की एक कण येऊन त्याला पकडतो, अख्खा रायबोझोम ईआरच्या पडद्यावर नेऊन बसवतो, आणि मग पुढचं प्रोटीन बनता बनताच थेट आत सरकतं. आत गेल्यावर तो पत्त्याचा तुकडा बहुतेक वेळा कापून टाकतात. ही कल्पना ग्युंटर ब्लोबेल आणि डेव्हिड साबातिनी यांनी १९७१ मध्ये मांडली तेव्हा हातात पुरावा फारसा नव्हता, नंतर ब्लोबेलने तो वर्षानुवर्षं गोळा केला आणि १९९९ ला त्याला नोबेल मिळालं. म्हणजे पुस्तकात जे खडबडीत आणि गुळगुळीत ईआर दाखवतात ना, त्यातला खडबडीतपणा म्हणजे हेच, पत्ता वाचून तिथे येऊन बसलेले रायबोझोम. काम संपलं की ते सुटून परत जातात.

ईआरच्या आतलं वातावरणही बाहेरच्यापेक्षा वेगळं असतं. प्रोटीनच्या साखळीत सल्फरचे पक्के टाके घालायला जे ऑक्सिडायझिंग वातावरण लागतं ते इथे मिळतं, पेशीद्रवात नाही. इन्सुलिनचे टाके इथेच पडतात. आणि इथे तपासणी फार कडक असते, घडी नीट बसली नाही तर प्रोटीन पुढे सोडत नाहीत, मागे ओढून तोडून टाकतात. कधीकधी ही तपासणी गरजेपेक्षा जास्तच कडक होते. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा बदल म्हणजे सीएफटीआर नावाच्या प्रोटीनमधलं ५०८ नंबरचं एकच अमिनो आम्ल गायब असणं. ते प्रोटीन पेशीच्या बाहेरच्या पडद्यापर्यंत पोचलं असतं तर थोडंफार काम करू शकलं असतं, पण घडी बिघडली म्हणून ईआर त्याला अडवतं आणि ते पोचतच नाही, आणि फुप्फुसात चिकट कफ साचत राहतो. या आजारावरच्या नवीन औषधांपैकी काही हेच करतात, त्या प्रोटीनची घडी सावरून त्याला ईआरमधून बाहेर काढतात.

ईआरमधून सुटलेलं सामान छोट्या छोट्या पिशव्यांतून गॉल्जीकडे जातं (आकृतीतली चपट्या थैल्यांची चळत ती हीच). कामिल्लो गॉल्जीने १८९८ मध्ये चांदीचा रंग वापरून चेतापेशीत हे जाळं पाहिलं, आणि पुढे पन्नासेक वर्षं लोक भांडत राहिले की हे खरंच पेशीत आहे की रंगामुळे तयार झालेला डाग आहे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला तेव्हा कुठे भांडण मिटलं. गॉल्जीत प्रोटीनवर लावलेल्या साखरेच्या साखळ्या कापल्या-जोडल्या जातात, आणि लायसोझोमला जायच्या एन्झाइमवर एक खास खूण लागते, मॅनोज-६-फॉस्फेट. ही खूण ओळखणारे रिसेप्टर त्यांना उचलून बरोबर पिशवीत भरतात.

ही खूण किती महत्त्वाची आहे ते आय-सेल नावाच्या एका दुर्मिळ आजारात कळतं. या मुलांच्या शरीरात लायसोझोमची एन्झाइम तयार होतात, अगदी व्यवस्थित काम करू शकतील अशी. फक्त गॉल्जीत ती खूण लावणारं एक एन्झाइम बिघडलेलं असतं. परिणाम काय, तर बहुतेक माल पेशीच्या बाहेर जातो, रक्तात ही एन्झाइम भरपूर सापडतात आणि लायसोझोममध्ये मात्र ती नसतात, ते न तुटलेल्या कचऱ्याने तुंबलेले. माल बरोबर, पत्ता गायब, आणि आजार इतका गंभीर की बहुतेक मुलं लहानपणीच जातात.

पण हीच गोष्ट उलट वापरता येते, आणि डॉक्टरांनी ती वापरली. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावरही असे रिसेप्टर असतात. म्हणजे एखाद्याच्या शरीरात लायसोझोमचं एखादं एन्झाइमच बनत नसेल तर ते बाहेरून सलाइनमधून द्यायचं, फक्त त्यावर योग्य खूण हवी, मग पेशी स्वतःच ते गिळून बरोबर जागी नेते. पॉम्पे आजारात मॅनोज-६-फॉस्फेटची खूण असलेलं एन्झाइम देतात. गोशे आजारात कचरा साचतो तो मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींत, आणि त्यांच्यावर साध्या मॅनोज साखरेचे रिसेप्टर असतात, म्हणून तिथे एन्झाइमवरच्या साखरा छाटून मॅनोज उघडा केला. १९९१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. टे-सॅक्समध्ये मात्र कचरा मेंदूतल्या पेशींत साचतो, आणि रक्तात सोडलेलं एन्झाइम मेंदूत शिरत नाही, त्यामुळे तिथे हा रस्ता बंद.

मायटोकॉन्ड्रिया. यांना पेशीचं पॉवरहाउस म्हणतात हे इतक्यांदा ऐकलंय की त्यातून आता काहीच कळत नाही. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन आतल्या पडद्यावरच्या प्रोटीनच्या रांगेतून शेवटी ऑक्सिजनला दिले जातात, आणि वाटेत त्यांच्या जोरावर प्रोटॉन पडद्याच्या एका बाजूला ढकलले जातात. धरणात पाणी अडवल्यासारखे ते तिथे साचतात, आणि परत यायला एकच सोयीची वाट असते, ती म्हणजे एटीपी सिंथेज नावाचं फिरणारं यंत्र. फिरणारं म्हणजे खरोखर फिरणारं हां. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्या मधल्या दांड्याला चमकणारा धागा चिकटवला आणि मायक्रोस्कोपखाली तो धागा गोल गोल फिरताना बघितला. एका फेरीत तीन एटीपी तयार होतात. एटीपी म्हणजे पेशीतली सगळी कामं ज्याच्यावर चालतात तो रेणू, तो शरीरात कुठल्याही क्षणी फार तर १०० ग्रॅमच्या आसपास असतो, पण तो इतक्या वेळा तुटून परत जोडला जातो की दिवसभराचा हिशोब केला तर जवळपास आपल्या वजनाएवढा होतो.

आता त्या पडद्यावरचा व्होल्टेज बघा. साधारण १५० मिलिव्होल्ट, ऐकायला काहीच नाही. पण तो ५ नॅनोमीटर जाडीवर आहे, म्हणजे मीटरला ३ कोटी व्होल्ट पडतात. हवेत मीटरला साधारण ३० लाख व्होल्ट झाले की ठिणगी पडते. त्याच्या दहापट ताण हा चरबीचा पडदा गपगुमान सहन करतोय, तोही शरीरातल्या बहुतेक सगळ्या प्रकारच्या पेशींत. पीटर मिचेलने १९६१ मध्ये म्हटलं की ऊर्जा कुठल्या मधल्या रसायनात नाही, या पडद्याच्या दोन बाजूंच्या फरकात साठवलेली असते, तेव्हा बऱ्याच लोकांनी त्याला वेड्यात काढलं. १९७८ ला त्याला नोबेल मिळालं. पडदा म्हणजे नुसती भिंत नाही, पडदाच इथे मशीन आहे, हे कळायला एवढी वर्षं गेली.

मायटोकॉन्ड्रियाचा इतिहासही विचित्र आहे. हे एकेकाळचे स्वतंत्र बॅक्टेरिया, कधीतरी दुसऱ्या पेशीच्या आत शिरले आणि तिथेच राहिले. ही जुनीच कल्पना लिन मार्ग्युलिसने १९६७ मध्ये नव्याने आणि नेटाने मांडली, अनेक जर्नल्सनी तिचा लेख नाकारला होता. आज पुरावे ढिगाने आहेत. त्यांचा स्वतःचा गोल डीएनए असतो, माणसात १६,५६९ अक्षरांचा, ३७ जीन्स, आणि त्यातून फक्त १३ प्रोटीन बनतात. बाकी हजाराच्या वर प्रोटीन केंद्रकातल्या जीन्सवरून बनून बाहेरून आत येतात, अर्थात तिथेही पत्ता लावूनच. त्यांची जनुकीय लिपीसुद्धा थोडी वेगळी आहे, बाकी पेशीत जे तीन-अक्षरी शब्द थांबा म्हणतात त्यातल्या एका शब्दाचा अर्थ इथे ट्रिप्टोफॅन (एक अमिनो आम्ल) जोडा असा होतो.

याचा औषधांशी थेट संबंध येतो. कितीतरी अँटिबायोटिक बॅक्टेरियाच्या रायबोझोमवर मारा करतात, आपले रायबोझोम वेगळे असल्यामुळे वाचतात. (रायबोझोमची रचना अणूच्या पातळीवर उलगडल्याबद्दल २००९ चं नोबेल वेंकी रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांना मिळालं.) पण मायटोकॉन्ड्रियाचे स्वतःचे रायबोझोम जुन्या नात्यामुळे बॅक्टेरियासारखे असतात, म्हणून लिनेझोलिडसारखं औषध फार दिवस घेतलं तर त्यांनाही झळ बसते आणि रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड वाढू शकतं. काही लोकांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएत १५५५ नंबरच्या जागी एक बदल असतो, त्याने तो रायबोझोम बॅक्टेरियाच्या आणखी जवळ जातो, आणि अशांना जेंटामायसिनच्या जातीची औषधं दिली तर कायमचं बहिरेपण येऊ शकतं.

केंद्रकाबद्दल थोडक्यात. तिथे डीएनए असतो हे सगळ्यांना माहीत आहे, एका पेशीत एकूण २ मीटर, आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही छोट्या गोळ्यात. पण त्याला पडदा का? तर बॅक्टेरियात डीएनएवरून संदेश लिहिला जात असतानाच रायबोझोम त्यावर चढून प्रोटीन बनवायला लागतात. आपल्याकडे तसं झालं तर गोंधळ होईल, कारण आपल्या जीन्समध्ये मधे मधे भरताड असते, ती आधी कापून टाकावी लागते. डिस्ट्रोफिन या स्नायूंच्या प्रोटीनचं जीन २२ लाख अक्षरांचं आहे, नुसतं एकदा उतरवून घ्यायला १६ तासांच्या आसपास लागतात, आणि काटछाट झाल्यावर उरतात फक्त १४ हजार अक्षरं. ही काटछाट होईपर्यंत रायबोझोमला लांब ठेवायचं काम केंद्रकाचा पडदा करतो, आणि त्याच्यावरची हजारो छिद्रं तयार संदेश तेवढे बाहेर सोडतात.

पेरॉक्सिझोम हा कप्पा लोकांना फारसा माहीत नसतो. फार लांब चरबीच्या साखळ्या तोडणं हे त्याचं एक मुख्य काम, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि तिथेच कॅटलेज नावाचं एन्झाइम त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. याचा पत्ता कसा सापडला ते मजेदार आहे. काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या ल्युसिफरेज प्रोटीनचं जीन माकडाच्या पेशीत घातलं तर ते प्रोटीन जाऊन बसलं पेरॉक्सिझोममध्ये! कापून कापून बघितलं तेव्हा कळलं की पत्ता म्हणजे शेपटाची शेवटची तीन अमिनो आम्लं, सेरीन-लायसीन-ल्युसीन. ही शेपटी दुसऱ्या कुठल्या प्रोटीनला लावा, तेही तिथेच जातं. काजवा आणि माकड इतके लांबचे, तरी पत्ता वाचायची पद्धत तीच. माणसात हा पत्ता वाचून माल आत घेणारी यंत्रणा बिघडली की झेलवेगर सिंड्रोम होतो, आणि ती मुलं बहुतेक वर्षभरही जगत नाहीत.

सगळ्या पेशींत सगळं सारखं असतं असंही नाही. स्नायूंमध्ये ईआरचं काम मुख्यतः कॅल्शियम साठवायचं, सिग्नल आला की सोडायचं आणि स्नायू आकसला की परत ओढून घ्यायचं. वनस्पतींच्या पेशीत रिक्तिका कधीकधी ९० टक्के जागा व्यापते आणि तिच्यातल्या पाण्याच्या दाबावरच पानं ताठ राहतात. आपल्या तांबड्या पेशी तर टोकाच्या, तयार होताना त्या केंद्रक बाहेर फेकतात, मायटोकॉन्ड्रिया पचवून टाकतात, रायबोझोमही जातात, उरते हिमोग्लोबिनने भरलेली पिशवी. मायटोकॉन्ड्रिया नसल्यामुळे त्या वाहून नेत असलेला ऑक्सिजन स्वतः खात नाहीत हे चांगलंच, पण नवीन प्रोटीन बनवता येत नाही म्हणून दुरुस्तीही नाही, १२० दिवसांत खेळ खल्लास.

इतका वेळ पडद्यांचं कौतुक केलं, पण पडद्याशिवायही कप्पा करता येतो. केंद्रकाच्या आतल्या न्यूक्लिओलसला पडदा नसतो, तरी तो स्पष्ट वेगळा दिसतो, पेशी विभागताना विरघळतो आणि नंतर परत जमतो. २००९ मध्ये एका छोट्या कृमीच्या भ्रूणात दिसलं की असे काही कण चक्क द्रवाच्या थेंबांसारखे वागतात, एकमेकांना चिकटून एक होतात, ओघळतात. प्रोटीन आणि आरएनए (डीएनएवरून उतरवलेली नक्कल) ठरावीक दाटीच्या वर गेले की आपोआप वेगळे होतात, भिंत लागतच नाही. तेव्हापासून या विषयावर इतके पेपर आलेत की वैज्ञानिकच म्हणायला लागलेत, प्रत्येक ठिपक्याला थेंब म्हणू नका.

आणि जे कप्पे पडद्याचे आहेत तेही सुटे सुटे नसतात. मायटोकॉन्ड्रिया सतत एकमेकांत मिसळतात आणि तुटतात, आणि ईआरच्या नळ्या त्यांना जागोजागी चिकटून असतात, मधे १० ते ३० नॅनोमीटरचीच फट. मायटोकॉन्ड्रियाकडे गॉल्जीसारखी पिशव्यांची नेहमीची डिलिव्हरी जात नाही, त्यांना पडद्यासाठी लागणारी बरीचशी चरबी या फटीतूनच प्रोटीनच्या हाताने पोचवली जाते, कॅल्शियमही इथूनच जातं. २०११ मध्ये तर असं दिसलं की मायटोकॉन्ड्रियाचे दोन तुकडे व्हायचे असतात तेव्हा ईआरची नळी आधीच त्याच्याभोवती वेढा घालून बसलेली असते, आणि कापणारी प्रोटीन बरोबर त्याच जागी येऊन जमतात.